चौदा नंबरची फळी

म्हातारी बुडाली ती सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, लख्ख उन्हात, वारा अगदी बेताचा असताना. वादळ असतं तर निदान चारचौघांत सांगायला बरं पडलं असतं.

म्हातारी म्हणजे दातांच्या डॉक्टरांची शिडाची बोट. कागदोपत्री तिचं नाव वेगळं आणि बरंच भारदस्त होतं, पण बासष्ट वर्षांच्या लाकडी बोटीला त्या नावाने कोणी हाक मारत नसे. डॉक्टरांनी घेतली तेव्हा ती बंदरामागच्या एका कुंपणाला टेकून कलंडलेली होती आणि तिच्या केबिनमध्ये कोंबड्या राहत होत्या. पुढची अकरा वर्षं डॉक्टर आणि बंदरात लाकडी बोटी दुरुस्त करणारे मिस्त्री यांनी मिळून तिला उभी केली. डॉक्टर दवाखाना सांभाळून संध्याकाळी आणि रविवारी, मिस्त्री स्वतःच्या शेडमधली बाकीची कामं सांभाळून. डॉक्टरांच्या पत्नीने बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता, त्यामुळे त्यांना सगळेच बाई म्हणत, कधीकधी डॉक्टरसुद्धा. बाईंचं म्हणणं असं की एवढ्या वेळात माणूस दोनदा डॉक्टर झाला असता.

त्या सकाळी किनाऱ्यापासून नऊ मैलांवर पायाखालच्या पाटांमधून खळखळ ऐकू आली. डॉक्टरांनी पाट उचलला. खाली पाणी होतं, आणि पाण्यापलीकडे, तळाच्या बाजूला, चौदा नंबरच्या फळीत तळहाताएवढं भोक होतं. भोकाच्या कडा गुळगुळीत होत्या, कोणी मन लावून कोरल्यासारख्या. शेजारी दोन फासळ्यांच्या मध्ये एक लाकडी रंगाचा गोळा पाण्याबरोबर इकडून तिकडे गडगडत होता. डॉक्टरांनी तो उचलला, बघितला आणि पँटच्या खिशात टाकला. आपलं अक्षर ओळखावं तसं आपल्या हातचं काम ओळखायला माणसाला वेळ लागत नाही.

मग त्यांनी भोकात उशी कोंबली. उशी बसली, पण भोवतीचं लाकूड भुसभुशीत होतं. त्याने उशीसकट कच खाल्ली आणि फळी हातभर उकलली. पंप पंधरा मिनिटं इमानाने चालला. तेवढ्यात बाईंनी वायरलेसवर अक्षांश-रेखांश सेकंदांसकट दोनदा सांगितले आणि पलीकडच्या माणसाला म्हणाल्या, "आता तुम्ही म्हणून दाखवा." त्याने म्हणून दाखवले. एक आकडा चुकला. बाईंनी तो सुधारून परत म्हणायला लावला. नंतर पाण्याची बाटली, कागदपत्रांची पिशवी आणि डॉक्टरांच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन त्या मागे बांधलेल्या छोट्या होडीत जाऊन बसल्या. डॉक्टर येईनात.

"अहो, काय चाललंय?"

"एकच स्क्रू राहिलाय."

"बोट राहिली नाहीये."

डॉक्टर आले ते हातात पितळेची पाटी घेऊन. पाटीवर 'मूळ नौका' असं कोरलेलं होतं.

म्हातारी उलटली नाही की कर्कश आवाज केला नाही. पाहुण्यांमधून उठून आत जावं तशी ती हळूहळू खाली गेली. शेवटी डोलकाठीचं टोक राहिलं, त्याच्या शेंड्याला डॉक्टरांनी स्वतः बसवलेली कप्पी. या कप्पीसाठी त्यांनी एक आख्खा हिवाळा घालवला होता. मग कप्पीही गेली, आणि समुद्र असा सपाट झाला की आपण इथे नक्की काय बघत होतो असा प्रश्न पडावा. बाईंनी नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. पाऊण तासाने मासेमारीची एक बोट आली.

आता त्या पाटीविषयी.

गावच्या बंदरात जुन्या नौकांचं एक मंडळ होतं. मंडळाचे सभासद चौऱ्याऐंशी, नौका एकोणीस आणि पोटनियम एकशे सहा. त्यांतला बेचाळिसावा असा, की जिच्या लाकडापैकी निम्म्याहून जास्त लाकूड मूळ आहे तिलाच पितळी पाटी मिळेल. डॉक्टरांनी म्हातारी घेतली तेव्हा ती शंभर टक्के मूळ होती आणि शंभर टक्के बुडणारी. मिस्त्री एकेक कुजकी फळी काढत गेले, तसा डॉक्टर वहीत आकडा खाली आणत गेले. नव्वद, ऐंशी, सत्तर. साठाच्या खाली आल्यावर डॉक्टरांचा चेहरा उतरायला लागला. मिस्त्री म्हणायचे, "डॉक्टर, बोट आहे की दूध? किती टक्के पाणी घातलंय ते काय मोजता?" पण डॉक्टर मोजायचेच.

शेवटच्या वर्षी मिस्त्रींनी लाकडी हातोडीने सगळी बोट ठोकून ठोकून ऐकली आणि तीन फळ्यांवर लाल खडूने फुल्या मारल्या. सात, नऊ आणि चौदा. सात आणि नऊ त्यांनी बदलल्या. आकडा आला एक्कावन्न पूर्णांक दोन. चौदा बदलली असती तर तो येणार होता एकोणपन्नास पूर्णांक आठ. एवढ्यात मिस्त्रींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि ते तीन आठवडे लेकीकडे गेले.

या तीन आठवड्यांत डॉक्टरांनी जे केलं ते करायला दातांचाच डॉक्टर लागतो. वाचवता येण्यासारखा दात आपण कधी उपटला नाही, हा त्यांचा चाळीस वर्षांचा अभिमान होता. त्यांनी फळीवर मान वाकवली, कूज कोरून काढली, आतून खाच थोडी रुंद ठेवली म्हणजे भरलेलं निसटत नाही, इपॉक्सीत लाकडाचा भुसा कालवून रंग जुळवला, थर देत देत भरलं, घासलं, पॉलिश केलं. मग लाल फुली ओल्या फडक्याने पुसली आणि वरून रंग दिला. मिस्त्री हिरवा चष्मा लावून परत आले आणि म्हणाले, "चौदाचं काय केलंत?"

"वरवरची कूज होती," डॉक्टर म्हणाले. "साफ केली."

मिस्त्रींनी मान हलवली. अकरा वर्षांत या माणसाने त्यांना थाप मारली नव्हती, तेव्हा त्यांनी हातोडी उचलली नाही.

पाटी मिळाली. ती देताना मंडळाच्या सेक्रेटरीने छोटं भाषण केलं. सेक्रेटरी म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ, डॉक्टरांचा मेहुणा. त्यानंतर म्हातारी सात महिने चालली.

बोट बुडाल्याच्या तिसऱ्या दिवशी मेहुण्याने मंडळाच्या फळ्यावर निवेदन लावलं. 'सांध्यांच्या कामातील संभाव्य त्रुटीमुळे सदर नौका जलमग्न झाली असावी.' त्रुटी कोणाची ते लिहिलं नव्हतं, पण बंदरात सांधे भरणारा माणूस एकच होता. आठवड्याभरात मिस्त्रींच्या शेडमधून तीन बोटी बाहेर गेल्या. मालक सभ्य होते, प्रत्येकाने वेगळं कारण सांगितलं.

डॉक्टर खिशातला गोळा घेऊन शेडवर गेले. सांगायचंच असं ठरवून गेले होते. मिस्त्री बोटी टेकवायच्या रिकाम्या लाकडी घोड्यांच्या मधे स्टुलावर बसून रंधे एका पेटीत ठेवत होते, एकेक कागदात गुंडाळून.

"बरं झालं आलात," मिस्त्री म्हणाले. "मीच येणार होतो. डॉक्टर, चौदा-पंधराच्या सांध्यात कापूस मीच भरला होता ना? ऑपरेशनच्या आधी. तेव्हा मला धड दिसत नव्हतं. हातानेच चाचपत होतो. रोज विचार करतोय, तिथेच कुठेतरी राहिलं असणार."

"नाही हो मिस्त्री, तसं काही..."

"तुम्ही चांगले आहात म्हणून म्हणता. पण तुम्ही दोघं होतात आत. उद्या कुणाची पोरं असतील. मी शेड बंद करतोय. महिनाअखेर चावी देऊन टाकतो."

डॉक्टर म्हणाले, "बघू." आणि घरी आले.

बाई खिडकीशी बसून पेपर वाचत होत्या. "सांगितलंत?"

"काय?"

"जे खिशात घालून फिरताय ते. होडीत बसल्यापासून बघतेय, मांडीवर फुगवटा आलाय."

डॉक्टरांनी गोळा काढून टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. बाईंनी तो उलटसुलट करून बघितला.

"मिस्त्रींना का नाही सांगितलंत?"

"विषय निघाला नाही."

"कोण काढणार होतं? म्हातारी?" बाईंनी पेपरची घडी घातली. "माझी बोट गेली, त्याचं मला वाईट वाटतं. तिच्या केबिनचे पडदे मी शिवले होते. पण गेलेल्या बोटीपायी एक जिवंत माणूस आपले डोळे फुटले म्हणून घरी बसतोय, हे मी बघत बसणार नाही. महिनाअखेरीला किती दिवस आहेत?"

"अकरा."

"मग लागा कामाला."

डॉक्टर कामाला लागले. दुसऱ्या दिवशी ते मेहुण्याकडे गेले. त्याच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात सात छोट्या बोटी होत्या, सगळ्या प्लॅस्टिकच्या. शनिवारच्या वार्षिक सभेत मला बोलायचंय, असं म्हणून डॉक्टरांनी त्याला काय बोलायचंय तेही सांगितलं. मेहुण्याने उठून दार लावून घेतलं.

"भावोजी, पाटीच्या दाखल्यावर सही माझी आहे."

"म्हणून तर आधी तुला सांगतोय."

"आणि तुमचं काय? सभेला येणाऱ्यांपैकी निम्म्यांचे दात तुम्ही भरलेत. सात महिन्यांत तुमचं भरलेलं निखळलं, हे तुम्ही त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगणार? त्यांच्या तोंडाचा तरी विचार करा."

हा मुद्दा डॉक्टरांच्या डोक्यात आला नव्हता असं नाही. गेल्या तीन रात्री दुसरं काही आलंच नव्हतं. "विषयपत्रिकेवर घाल," ते म्हणाले.

"विषयपत्रिका छापून झाली."

"कधी?"

"आत्ता, तुम्ही निघालात की," मेहुणा म्हणाला.

शुक्रवारी मिस्त्री गाल धरून दवाखान्यात आले. उजवी दाढ, खालची. डॉक्टरांनी तीच दाढ दोनदा भरली होती. त्यांनी मिस्त्रींना खुर्चीत आडवं केलं, दिवा ओढला, बधिरतेचं इंजेक्शन दिलं, गालात कापसाचे दोन बोळे घातले, थुंकी ओढणारी नळी अडकवली. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आता हा माणूस मधे बोलू शकत नाही.

"मिस्त्री, सांधा तुमचा नव्हता," ते म्हणाले, आणि थांबले नाहीत. खडूची फुली, ओलं फडकं, एक्कावन्न पूर्णांक दोन, वरवरची कूज, सगळं सांगितलं. ड्रॉवरमधून गोळा काढून मिस्त्रींच्या छातीवरच्या निळ्या रुमालावर ठेवला. नळी गुरगुरत होती. मिस्त्री छताकडे बघत होते.

त्यांनी हात वर करून नळी काढली. मग एक बोळा काढला, दुसरा काढला. उठून बसले, चूळ भरली, गोळा हातात घेतला आणि खिडकीच्या उजेडात धरला. ऑपरेशननंतर त्यांना फार चांगलं दिसत होतं.

"काम शाफ आहे," ते म्हणाले. त्यांचा अर्धा ओठ झोपला होता. "पण डॉक्टर, दात फुगत नाही. लाकूड फुगतं. पाणी लागलं की फुगतं, शुकलं की आवळतं. रोज. तुमचं हे," त्यांनी गोळ्यावर टिचकी मारली, "जागचं हलत नाही. शेजारी हलतोय आणि हा हलत नाही. मग शेवटी भांडण होणारच."

"माझं चुकलं."

"ते झालंच." मिस्त्री खुर्चीतून उतरले. ते ओरडले असते तर डॉक्टरांना सोपं गेलं असतं. "बावीश दिवश मी झोपेत शांधे मोजतोय. बायकोला म्हटलं, माझा हात गेला. आणि तुम्ही मला हे शांगता कुठे? इथे. आडवा पाडून, तोंडात बोळे कोंबून."

डॉक्टरांनी गुरगुरणारी नळी बंद केली.

"माझं नाव या खुर्चीत गेलं नव्हतं," मिस्त्री म्हणाले. "जिथे गेलं तिथे शांगा."

"उद्या सभेत सांगणार आहे."

"पत्रिकेवर आहे?"

"नाही."

मिस्त्रींनी रुमाल सोडून खुर्चीच्या हातावर ठेवला. दाढेला तात्पुरतं काहीतरी लावून घेतलं, तेही डॉक्टरांनी दोनदा विनवल्यावर, आणि निरोप न घेता गेले.

सभा बंदराच्या कचेरीवरच्या हॉलमध्ये होती. पत्र्याच्या खुर्च्या, भिंतीवर माजी अध्यक्षांचे फोटो, सगळ्यांचे डोळे क्षितिजाकडे. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचण्यात चाळीस मिनिटं गेली. धक्क्यावरच्या नळाला तोटी बसवावी की नाही यावर पन्नास. मेहुणा घड्याळ बघून प्रत्येक वक्त्याला आणखी बोलायला उत्तेजन देत होता. जेवणाची वेळ टळली, दोघंतिघं उठायला लागले आणि अध्यक्ष आभार मानायला उभे राहिले.

"आयत्या वेळचे विषय," मधल्या रांगेतून डॉक्टर म्हणाले.

"आयत्या वेळी काही नाहीये," मेहुणा म्हणाला.

"पोटनियम एकसष्ट," बाई म्हणाल्या. त्या सभासद नव्हत्या. त्यांनी सगळे पोटनियम आदल्या दिवशी वाचून काढले होते. "आणि तू खाली बस."

धाकटा भाऊ कितीही मोठा सेक्रेटरी झाला तरी थोरल्या बहिणीचा हा आवाज त्याला पाठीच्या कण्यात ऐकू येतो. तो बसला.

डॉक्टर पुढे गेले. "दोन गोष्टी सांगायच्या आहेत," ते म्हणाले. "म्हातारी मिस्त्रींमुळे बुडाली नाही. माझ्यामुळे बुडाली." मग त्यांनी पहिल्यापासून सांगितलं, क्लिनिकमध्ये रोग्याला समजावतात तसं, सावकाश आणि काही न वगळता. फुली पुसल्याचंही सांगितलं. गोळा पहिल्या रांगेत दिला आणि तो हातोहात मागे जाऊ लागला. ज्याच्या हातात जाई तो आधी गोळा बघे, मग डॉक्टरांना बघे, आणि मग त्याची जीभ गालाच्या आत हळूच फिरताना दिसे. हॉलभर जिभा फिरत होत्या.

"डॉक्टर," तिसऱ्या रांगेतून निवृत्त पोस्टमास्तरांनी विचारलं, "माझी वरची डावी तुम्हीच भरलीय. ती सुद्धा...?"

"दात फुगत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "मला कालच कळलं."

मागून कुणीतरी हसलं आणि बाकीच्यांना सुटका झाल्यासारखं झालं. डॉक्टर हसले नाहीत. हसणं थांबेपर्यंत ते तसेच उभे राहिले.

"मिस्त्रींनी फुली बरोबर मारली होती. डोळ्यांत मोतीबिंदू असताना नुसत्या आवाजावरून मारली होती. ज्यांनी बोटी नेल्या त्यांनी हे लक्षात घ्यावं. फळ्यावरचा कागद काढावा, आणि मी आत्ता बोललो ते तिथे लावावं. मी लिहून आणलंय. आणि ही." त्यांनी पितळेची पाटी टेबलावर ठेवली. चारही स्क्रू तिच्यावर ओळीत ठेवले.

मेहुणा रजिस्टर उघडून बसला. पाट्या दिल्याची नोंद करायला त्यात रकाना होता. परत घेतल्याची नोंद कुठे करायची हे एकशे सहा पोटनियमांत कुठेच नव्हतं, आणि मंडळाने त्यासाठी त्रिसदस्यीय उपसमिती नेमली.

मिस्त्री सभेला आले नव्हते. कोणी त्यांना काही सांगितलं की नाही ते डॉक्टरांना कळेना. सोमवारी दवाखान्यात चार जणांनी भेटी रद्द केल्या. मंगळवारी ठरलेल्या नऊपैकी दोघं आले. त्यांतले एक पोस्टमास्तर, वरची डावी पुन्हा तपासून घ्यायला.

बुधवारी सकाळी डॉक्टर शेडवर गेले. दार उघडं होतं. आत, मालकांनी नेलेल्या तीन बोटींपैकी एक परत आलेली होती, पोट वर करून घोड्यांवर. रंध्यांची पेटी उघडी होती आणि कागद जमिनीवर पडले होते. मिस्त्री हातोडीने बोट ठोकत होते. ते मागे न बघता म्हणाले, "ही ऐका."

ठक. ठक. ठक. थप.

"ही," डॉक्टर म्हणाले.

"काय करायचं तिचं?"

"काढायची."

मिस्त्रींनी फुली मारली आणि खडू खिशात ठेवला. मग वळून डॉक्टरांसमोर आले आणि तोंड उघडलं. डॉक्टरांनी त्यांना दाराच्या उजेडात घेतलं, हनुवटी धरली, खिशातला टॉर्च लावला. तात्पुरतं लावलेलं कधीच पडलं होतं. ते बराच वेळ बघत राहिले.

"वाचेल?" मिस्त्रींनी विचारलं.

चाळीस वर्षांत या प्रश्नाला डॉक्टरांचं एकच उत्तर होतं, आणि ते जिभेवर आलंही.

"नाही," ते म्हणाले.

"नक्की?"

"तळातून गेलीय. दोनदा भरली तेव्हाच जायची होती, मीच ऐकत नव्हतो."

मिस्त्रींनी तोंड मिटलं आणि पहिल्यांदाच डॉक्टरांकडे नीट बघितलं. "मग आज संध्याकाळी काढून टाका. या वेळी मधे गोष्टी सांगू नका."

डॉक्टर मान हलवून निघाले, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "थांबा. वर बघा."

छताच्या आढ्याला प्लायचे पातळ, वाकडेतिकडे तुकडे टांगलेले होते, धुळीने माखलेले, प्रत्येकावर आकडा. अकरा वर्षांत म्हातारीची जी जी फळी काढली तिच्या मापाचा आधी फर्मा करून ठेवायचा, ही मिस्त्रींची शिस्त. न काढलेल्यांचेही त्यांनी करून ठेवले होते. चौदाचा तिसरा होता, डावीकडून.

"सगळे आहेत?"

"फासळ्यांचे पण. कण्याचं माप भिंतीवर आहे, त्या कॅलेंडरच्या मागे." मिस्त्री हातोडी पुसत होते. "तुमच्याकडे आता दुपारी रोगी नसतात असं ऐकलं."

"नसतात."

"तर दुपारी येत जा. फुल्या मी मारणार. पुसायचं फडकं शेडमध्ये आणायचं नाही."

डॉक्टरांनी कॅलेंडर बाजूला केलं. भिंतीवर पेन्सिलची एक लांब रेघ होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि तिच्यावर बारीक आकडे. त्यांनी खिशातून सवयीने वही काढली, टक्केवारीचं पान उघडलं, थोडा वेळ बघितलं आणि फाडून मिस्त्रींच्या भुशाच्या पोत्यात टाकलं. मग कोऱ्या पानावर ते भिंतीवरची मापं उतरवायला लागले. पहिलं माप चुकलं. मिस्त्रींनी ते परत मोजायला लावलं.